कृष्णाकाठी थंडीतली सायकल : दोघांनी निघताना

थंडीत सायकल काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो किलोमीटरचा. किती लांब जायचं आणि किती वेळात परतायचं? नदीकाठच्या वाटेसाठी हा प्रश्न दुसरा धरावा. पहिला प्रश्न सोबतीचा. कुणाबरोबर निघायचं, आणि त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत राहून आपल्याला किती वेगाने जाता येतं? ज्या वेगाने दोघांचं बोलणं न तुटता चालू राहतं, तोच या वाटेचा वेग. एकाला धाप लागून उत्तरं ‘हो’, ‘नाही’वर आली, की दुसऱ्याने वेग कमी करायचा. व्यायामशास्त्रातही श्रम मोजायची ही साधी, मान्य पद्धत आहे. तिला घड्याळ लागत नाही की छातीला पट्टा.

हा लेख अशा दोघांसाठी आहे. रोज सायकल चालवणारा एक आणि अधूनमधून चालवणारा एक, अशी जोडी असली तरी चालेल. उदाहरणाला वाईजवळचा कृष्णाकाठ घेतला आहे. थोडा चढ-उतार, जुने घाट, शेती, उसाची वाहतूक आणि पहाटेचं धुकं असं सगळं इथे थोड्या अंतरात भेटतं. तुमची नदी वेगळी असली तरी बाकीच्या सूचना तशाच लागू पडतील.

वाट कशी निवडावी

नदीकाठी सायकलीची पहिली वाट निवडताना एक नियम लक्षात ठेवा. जाताना उगमाच्या दिशेने जा, येताना प्रवाहाबरोबर या. चढ कितीही मंद असला तरी तो ताज्या पायांनी संपवावा आणि दमल्यावर उतार मिळावा, एवढाच त्यातला हिशेब.

वाईहून मेणवली साधारण तीन किलोमीटर, आणि धोम आठ-नऊ किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन अठरा किलोमीटरच्या आसपास. ताशी चौदा-पंधराच्या निवांत वेगाने सायकलीवरचा वेळ सव्वा तास ते दीड तास होतो. थांबे, चहा, घाटावर बसणं धरून साडेतीन तास हाताशी ठेवा. कमी वेळ असेल तर मेणवलीवरून परत फिरा. थांब्यांना कात्री लावून धोम गाठण्यात अर्थ नाही.

या वाटेवर थांबावं अशी तीन ठिकाणं आहेत. वाईचा ढोल्या गणपती, म्हणजे महागणपतीचं मंदिर, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झाल्यावर मागच्या बाजूला जाऊन भिंत पाहा. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती माशाच्या आकारात बांधलेली आहे. थंडीत शांत दिसणारी कृष्णा पावसाळ्यात कुठवर चढते, याचा अंदाज त्या एका भिंतीवरून येतो.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे नदीत उतरणारा दगडी घाट आहे. घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली मोठी पंचधातूची घंटा जवळून पाहा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. ‘स्वदेस’ चित्रपटातला घाट हाच.

धोमला नरसिंहाचं मंदिर आहे. तिथल्या महादेवासमोरच्या कुंडात दगडी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. पुढे धरण आणि जलाशय लागतो. पहिल्या खेपेला इथूनच मागे फिरावं. जलाशयाच्या कडेने जोर खोऱ्याकडे जाणारी वाट सुंदर आहे, पण वस्ती विरळ होत जाते आणि चढ वाढतात. ती नंतरसाठी ठेवा.

निघायची वेळ

उन्हाळ्यात पहाटे पाचला निघण्याची सवय असलेले सायकलस्वार थंडीतही तेच वेळापत्रक पाळतात. नदीकाठी ते टाळा. रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा खाली सरकून खोऱ्यात साचते, त्यामुळे नदीकाठ आजूबाजूच्या माळापेक्षा जास्त गारठतो. नदीचं पाणी मात्र त्या मानाने उबदार असतं. त्यातून उठणारी वाफ गार हवेत लगेच निवून तिचे बारीक थेंब होतात आणि धुकं धरतं. म्हणून गावात लख्ख दिसत असतं आणि पुलावर आलं की समोरचं काही दिसत नाही.

जानेवारीच्या मध्यावर या भागात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि डोंगराआडून ऊन खाली यायला आणखी वेळ लागतो. साडेसातला निघणं उत्तम. निघाल्यावर धुकं लागलं तर खूण सोपी आहे. पुढचा विजेचा खांब आणि त्याच्यापुढचा खांब असे दोन्ही दिसत असतील तर हळू चालत राहा. दुसरा दिसेनासा झाला की थांबा. चहाची टपरी गाठा किंवा रस्ता सोडून आत उभे राहा. ऊन वर आलं की धुकं विरळ होतं, आणि तेवढा वेळ दोघांना गप्पांना पुरतो.

परतीची वेळही निघण्याआधीच ठरवा. खोऱ्यात पहाटे वारा बहुधा खाली उतरत असतो आणि ऊन तापलं की उलटा, वरच्या दिशेने वाहू लागतो. त्यामुळे अकरानंतर परतीच्या उतारालाही समोरचा वारा भेटू शकतो. दुपारी निघणार असाल तर डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे धरून पाचला घराजवळ या. डोंगराच्या सावलीत अंधार घड्याळाच्या आधी येतो.

अंगावर काय घालावं

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातून उबदार वाटत निघालात तर दहा मिनिटांत घाम येणार आणि नंतर तोच घाम गार पडणार. जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घाला. अंगालगत सुती बनियन नको. ते घाम पिऊन ओलंच राहतं. खेळाचा पातळ, लवकर वाळणारा टी-शर्ट बरा. त्यावर पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा अडवणारी विंडचीटर. चढाला तिची चेन उघडा, उताराला गळ्यापर्यंत बंद करा.

सायकलवर आपण स्वतःच वारा तयार करत असतो. हवा स्तब्ध असली तरी ताशी वीसच्या वेगाला वीसचा वारा छातीवर येतो. तो सर्वांत आधी बोटांना, कानांना आणि गुडघ्यांना लागतो. हातमोजे असे घ्या की ब्रेकचं लिव्हर नीट पकडता येईल. जाड लोकरी मोजे हँडलवर घसरतात. कान झाकणारी पातळ टोपी हेल्मेटखाली बसते, पण कानटोपी इतकी जाड नको की मागचा हॉर्न ऐकू येणार नाही. गुडघे झाकलेले ठेवा. पहिली पंधरा मिनिटं हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवत चला. सांधे गरम होण्याआधी जड गिअर मारलात तर गुडघा दुसऱ्या दिवशी तक्रार करतो.

थांबलात की लगेच विंडचीटर घाला, थंडी वाजण्याची वाट पाहू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर गार हवेतल्या श्रमांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. इन्हेलर वापरत असाल तर तो खिशात हवा, आणि तो कुठल्या खिशात आहे हे सोबत्यालाही ठाऊक हवं.

आदल्या संध्याकाळची तपासणी

सायकल गिअरची असो की साधी, पाच गोष्टी रात्रीच पाहून घ्या. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. गावच्या खडबडीत रस्त्यासाठी त्या मर्यादेच्या मधोमध भरा, काठोकाठ नको. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक जागचं हललं तर केबल कसा. चेनवर तेलाचे थेंब टाकून कापडाने पुसून घ्या. वर उरलेल्या तेलाला धूळ चिकटते. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा चार्ज करा. धुक्यात आणि झाडांच्या सावलीत हे दिवे दिवसाही लावायचे असतात. शेवटी सीट आणि हँडल पिळून पाहा, ढिलं काही राहिलेलं नको.

सामान दोघांत वाटून घ्या. दोघांच्या ट्यूबचा आकार आणि व्हॉल्व्ह वेगळे असतील तर जादा ट्यूब दोन लागतील. पंप एक पुरतो, पण तो दोन्ही व्हॉल्व्हना बसतो का हे घरीच पाहा. पंक्चरची डबी, टायर लिव्हर, ॲलन की आणि भुवया उपटायचा छोटा चिमटा एकाकडे. मलमपट्टी, रोख सुटे पैसे आणि खाऊ दुसऱ्याकडे. पाणी आणि मोबाइल प्रत्येकाचा स्वतंत्र. घरी कुठल्या रस्त्याने जाणार आणि केव्हा येणार ते सांगून ठेवा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक चालतात.

दोघांची शिस्त

जोडीत सायकल चालवताना बहुतेक पडझड बाहेरच्या वाहनामुळे होत नाही, ती एकमेकांमुळे होते. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी गेलं आणि पुढचा खड्डा चुकवायला बाजूला सरकला, की चाकाला चाक लागतं. पडतो तो मागचा. म्हणून चाकं कधीही शेजारी येऊ देऊ नका. एक तर पूर्ण मागे राहा, मध्ये एका सायकलीची जागा सोडून, नाहीतर पूर्ण बरोबरीला या.

बरोबरीने चालायचं ते रस्ता मोकळा, सरळ आणि दोन्ही बाजूंना दूरवर दिसत असेल तेव्हाच. मागून वाहनाचा आवाज आला की कुणी मागे पडायचं हे आधी ठरलेलं असावं. रस्त्याच्या मधल्या बाजूला असलेल्याने मागे पडायचं, असा नियम केला की गोंधळ होत नाही. वळणावर, पुलावर आणि गावातून जाताना नेहमी एकामागे एक.

पुढे कोण? सपाटीवर आणि चढाला कमी सराव असलेला पुढे. वेग त्याने ठरवायचा. तो मागे असला तर पुढच्याला गाठण्याच्या नादात दमतो आणि ‘दमलो’ म्हणायला संकोचतो. समोरून वारा असेल तेव्हा मात्र सराव असलेल्याने पुढे येऊन वारा अंगावर घ्यावा आणि दर मिनिटाला मागच्याची चाहूल घ्यावी. उताराला जास्त सराव असलेला मागे बरा. तो पुढे सुटला तर दुसरा त्याच्या वेगाने उतरू पाहतो.

पुढच्याने डोळ्यांचं काम दोघांसाठी करायचं. ‘खड्डा’, ‘खडी’, ‘पाणी’, ‘समोर गाडी’ असे एकेका शब्दाचे इशारे पुरतात. ब्रेक मारण्याआधी ‘थांबतोय’ हे मोठ्याने म्हणा. मागच्याने ‘मागून गाडी’ म्हणायचं आणि पुढच्याने ‘बरं’ म्हणून पोच द्यायची. पोच आली नाही तर पुन्हा सांगा. कानात इअरफोन कुणाच्याच नकोत.

फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मग वाट कितीही ओळखीची असो. आणि थांबलेल्याने, मागचा येऊन पोचल्याबरोबर लगेच सायकल पुढे काढू नये. आपण विश्रांती घेतलेली असते, तो नुकताच आलेला असतो. त्याने दोन घोट पाणी प्यायल्यावर निघा. सोबत टिकते ती अशा लहान गोष्टींमुळे. एकदा चांगली सोबत जमली की कोण कितीचा सायकलपटू हा प्रश्न उरत नाही.

उसाच्या हंगामातला रस्ता

कृष्णाकाठी थंडी म्हणजे गळीत हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखाने चालू असतात, आणि मळ्यातून कारखान्याकडे ऊस रात्रंदिवस वाहतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बैलांच्या टायरगाड्या, ट्रक. नदीकाठच्या अरुंद रस्त्यावर तुमची गाठ यांच्याशीच पडणार आहे, म्हणून त्यांच्याशी वागायची रीत शिकून घ्या.

भरलेल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो आणि वळणावर मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा जास्त आत कापते. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात घंटी ऐकू जात नाही. मागेच राहा, तेही चांगलं अंतर ठेवून. मध्येच एखादं कांडं किंवा अख्खी मोळी घसरते. ट्रॉली समोरून येत असेल तर तुम्हीच डांबर सोडून कडेला उतरा आणि पाय टेकून उभे राहा. रस्त्यावरचा हक्क सांगायची ही जागा नाही. उतरताना डांबराच्या कडेला तिरकं घासत उतरू नका. डांबर आणि साइडपट्टी यांत चार बोटांची पायरी असते आणि चाक तिच्यात अडकतं. वेग कमी करून एका झटक्यात खाली या.

टायरगाडीच्या मागून अचानक घंटी वाजवू नका, बैल बुजतात. लांबूनच आवाज द्या. गाडीवान मान वळवून हात करतो, मग मोकळ्या बाजूने सावकाश पुढे व्हा. या गाडीवानांतले अनेक जण दुष्काळी जिल्ह्यांतून बिऱ्हाड घेऊन आलेले असतात आणि रस्त्याकडेच्या कोप्यांत राहतात. तिथून जाताना लहान मुलं रस्त्यावर असतील, हे गृहीत धरा.

पाचट पडलेला रस्ता दवाने ओला असतो, आणि ओल्या पाचटावर ब्रेक मारला की चाक सरकतं. पाचट दिसलं की आधीच वेग कमी करा, त्याच्यावर असताना हँडल सरळ ठेवा आणि ब्रेकला हात लावू नका. शेताला पाणी दिलेलं असलं तर पाट फुटून रस्त्यावर चिखल येतो. तिथेही हेच.

वस्तीवरची कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालू लागा. चार पावलांत ती परत फिरतात.

काटा

नदीकाठच्या पाणंदींवर पंक्चर दोन गोष्टींनी होतं : बांधावरच्या बाभळीचा काटा आणि जमिनीलगत पसरणारा सराटा. बाभळीचा काटा लांब असतो, एकच भोक पाडतो. सराटे एकावेळी पाच-सहा लागतात. टायरवर सराटे दिसले तर जागेवर उपटू नका. अनेकदा काट्यानेच भोक बुजलेलं असतं. हवा टिकत असेल तर तसेच हळू चालत सपाट, सुरक्षित जागी या आणि मग हात घाला.

चाक काढल्यावर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायरची एक कड उचला. ट्यूब बाहेर काढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षराशी आहे ते ध्यानात ठेवा. थोडी हवा भरून ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवा. थंडीत गालाला सुटणारी हवा चटकन लागते, बादलीभर पाण्याची गरज पडत नाही. भोक सापडलं की ट्यूब पूर्वीसारखीच टायरवर धरा. भोकासमोर टायरमध्ये काटा असणारच.

बहुतेकांचं दुसरं पंक्चर इथेच होतं. ट्यूबला ठिगळ लागतं आणि काट्याचं टोक टायरमध्ये तसंच राहतं. ते बाहेरून दिसत नाही, कारण वरचा भाग तुटून गेलेला असतो. टायरच्या आतून फडकं फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. आतून ॲलन कीने ढकला आणि बाहेरून चिमट्याने ओढून काढा. बोट थेट फिरवू नका. मग ट्यूब घासून, सोल्यूशन लावून ते वाळू द्या. थंडीत त्याला वेळ जास्त लागतो. ओल्यावर पॅच दाबला तर सुटतो. घाई असेल तर जादा ट्यूब टाका आणि ठिगळ घरी लावा. टायर परत बसवताना शेवटची वीतभर कड अंगठ्यांनीच चढवा. लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटली जाते.

हे काम चालू असताना दुसऱ्याने लाल दिवा लावून रस्त्याच्या बाजूने उभं राहावं. एक जण खाली वाकलेला असतो, त्याच्यासाठी रस्त्यावर नजर ठेवणारं कुणीतरी हवं.

खाणं आणि पाणी

थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि परतताना डोकं दुखतं. कोरड्या गार हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं. तहान असो नसो, वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. एकाने आठवण करायची, दुसऱ्याने ऐकायचं.

रिकाम्या पोटी निघू नका. अर्धी भाकरी, केळं, किंवा दूध-पोहे पुरे. मिसळ परतल्यावर, निघण्याआधी नको. वाटेत खिशातून काढून खायला शेंगदाणे-गूळ, तिळाची वडी किंवा चिक्की उत्तम. ती थंडीत टिकते आणि ताकद लगेच देते. गुऱ्हाळ लागलं तर जरूर थांबा. काहिलीतून गूळ उतरायची वेळ असली तर गुळव्याला विचारून पाहा. गरम काकवी वाटीत मिळते. तिच्यावर लगेच पाणी पिऊन पुन्हा जोरात सायकल हाणू नका, पोटात डचमळतं. दहा मिनिटं बसा.

जानेवारीत हरभरा घाट्यावर येतो आणि बांधावरून डहाळे खुणावतात. शेत कुणाचंतरी आहे. शेतात माणूस दिसला तर ‘काका, एक डहाळा घेऊ का?’ एवढं विचारा. बहुतेकदा एकाऐवजी चार मिळतात आणि वर पुढच्या रस्त्याची खरी माहितीही मिळते. माणूस नसेल तर हात लावू नका. वाईच्या बाजूला याच दिवसांत हळद काढणी आणि शिजवणी सुरू होते. शिजवलेली हळद रस्त्याकडेला वाळत घातलेली दिसली तर चाक तिच्यापासून लांब ठेवा.

नदीपाशी

सायकल घाटावर उतरवू नका. वर कुलूप लावून ठेवा आणि पायी उतरा. पाण्यालगतच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि सायकलचे कडक तळव्यांचे बूट त्यावर हमखास घसरतात.

पोहायचा मोह टाळा. धरणाखालच्या नदीत पाणी सोडलं जातं तेव्हा पातळी भराभर वाढते आणि काठावरून ते लगेच कळत नाही. शिवाय घामेजल्या अंगाने थंड पाण्यात उतरल्यावर श्वास अडकतो, आणि डोह किती खोल आहेत ते फक्त गावकऱ्यांना माहीत. पाय धुवायचे तर पायरीवर बसून, सोबती शेजारी असताना.

वाईत माघ महिन्यात कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. आळीआळीने घाटावर मांडव पडतात. या दिवसांत नदीकाठच्या बोळांत गर्दी असते. सायकल हातात धरून चाला, प्रसाद मिळाला तर बसून घ्या. इतर दिवशीही घाट ही कुणाची धुण्याची, कुणाची पूजेची, तर कुणाची दहाव्या-तेराव्याची जागा असते. फोटो काढण्याआधी समोर काय चाललंय ते पाहा आणि फोटोत माणसं येत असतील तर त्यांना विचारा. चिक्कीचा कागद खिशात परत जाऊ द्या.

थांब्याच्या वेळी पाण्याच्या कडेला दगडांवर शेपटी वरखाली करत धावणारा छोटा पांढरा-काळा पक्षी दिसेल. तो धोबी, थंडीत उत्तरेकडून येतो. त्याला पाहायचं तर दोघांनी पाच मिनिटं गप्प बसायला हरकत नाही.

पुढची पायरी आणि परतायचा शब्द

वाई-धोमची फेरी दोघांनाही सहज वाटू लागली की प्रवाहाबरोबर खाली जायचा विचार करा. वाई ते सातारा सडकेने साधारण ३५ किलोमीटर आहे. नदीच्या बाजूबाजूने गावं घेत गेलात तर अंतर वाढतं. भुईंज मागे टाकल्यावर लिंबजवळची बारा मोटांची विहीर पाहता येते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. पुढे सातारच्या अलीकडे संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. या वाटेवर पुणे-बंगळूर महामार्गाशी गाठ पडते. महामार्गावरून सायकल नेऊ नका, आणि तो ओलांडायचा तर पूल किंवा भुयारी मार्ग असेल तिथूनच. परतीची गाडीही आधी ठरवून ठेवा. त्या दिवशी तेवढंच अंतर पुन्हा मारायचं नसतं.

शेवटचा नियम निघण्याआधी, दारातच एकमेकांना सांगून टाका. ‘परत फिरू’ हा शब्द दोघांपैकी कुणीही, कधीही उच्चारायचा, आणि दुसऱ्याने कारण न विचारता सायकल वळवायची. गुडघा दुखत असेल, धुकं वाढलं असेल, घरून फोन आला असेल, किंवा नुसतं मन लागत नसेल. कारण मोठं असायची गरज नाही. धोम पुढच्या रविवारीही तिथेच असतो. हा शब्द निर्धास्तपणे उच्चारता येतो अशा माणसाबरोबरच थंडीत नदीकाठी निघा. तुमच्यासोबत निघणाऱ्यालाही तुमच्याबद्दल तेवढीच खात्री वाटेल, असे वागा.